उचलीचा कागद व तारणांतलें मूल

दसरा सरला कीं कृष्णाकांठच्या आमच्या गांवांतून दोन गोष्टी एकदमच दिसूं लागतात. इकडे कारखान्याचा बॉयलर पेटतो आणि तिकडे फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतून, आणि आपल्याच जत, आटपाडी, माण या कोरडवाहू तालुक्यांतूनहि हीं कुटुंबें येतात. चार-पांच महिने आपला ऊंस तोडतात व पाडव्याच्या सुमारास परत जातात. तोडणीचीं यंत्रें अलीकडे आलीं खरीं, परंतु लहान तुकड्यांत, ओल्या रानांत आणि धड वाट नसलेल्या फडांत अजून कोयताच लागतो.

हीं कुटुंबें येतात तीं उचलीवर येतात. पावसाळ्यांत घरांत दाणा नसतो, लग्न किंवा दवाखाना निघालेला असतो. त्या वेळीं मुकादम रोख रक्कम हातावर ठेवतो आणि ती हंगामांतल्या मजुरींतून फेडावयाची असते. नवरा व बायको मिळून एक 'कोयता', आणि उचल दर कोयत्यामागें. मुकादमास पैसा देतो कारखाना किंवा वाहतूकदार. आणि वाहतूकदार म्हणजे बहुतेक वेळां आपल्यांतलाच एखादा ट्रॅक्टरवाला शेतकरी. तेव्हां या साखळीचें एक टोक आपल्याच घरांत आहे. या लेखांत त्या उचलीचा, तिच्यासंबंधीं झालेल्या कायद्यांचा व तिच्यांत गुंतणाऱ्या मुलांचा विचार करावयाचा आहे. आम्ही कायदेपंडित नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी केली. जें लिहितों तें कागद हाताळून लिहितों.

प्रथम थोडें मागें जाऊन पाहूं. दीडशें वर्षांपूर्वीं या कागदाच्या दुसऱ्या टोकाला आपणच होतों. 12 मे 1875 रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठाव केला. त्यांचा डोळा पैशावर नव्हता, कागदांवर होता. खतें, रोखे, हुकूमनामे हुडकून काढून त्यांनीं जाळून टाकले. पुणें व नगर या जिल्ह्यांत तें लोण पसरलें, आणि त्याच वर्षीं सातारा जिल्ह्यांत कुकरूड येथेंहि दंगा झाला. कुकरूड आज सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यांत आहे. त्या वेळीं सांगली जिल्हाच नव्हता. 1949 सालीं दक्षिण सातारा म्हणून तो निराळा झाला व 1960 सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. दंग्यांची चौकशी होऊन 1879 सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला, व तो पुणें, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू करण्यांत आला.

त्या कायद्याचें मर्म एका गोष्टींत होतें. पूर्वीं कोर्ट खत पाहून हुकूमनामा देई. अंगठा खरा ठरला कीं रक्कम खरी. नव्या कायद्यानें न्यायाधीशास सांगितलें कीं खतावर आंकडा कांहींहि असो, व्यवहार पहिल्यापासून उलगडून पाहा. मुद्दल किती, व्याज किती, फेडीपोटीं काय पोंचलें, हें वेगवेगळें मांडा. कर्जापायीं शेतकऱ्यास तुरुंगांत घालणें बंद झालें. खतें गांवच्या रजिस्ट्रारासमोर करावीं लागलीं, आणि पावती व खातेउतारा मागण्याचा हक्क ऋणकोस मिळाला. सावकारहि स्वस्थ बसले नाहींत. ते गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले. तोंडीं गहाण, कागदावर विक्री. पुढें कायद्यास दुरुस्ती करून या खरेदीखतांच्याहि पाठीमागें जाऊन पाहण्याची सोय करावी लागली. जुन्या दप्तरांत असे कागद आम्हीं पाहिले आहेत. अक्षर मोडी, आणि कुणब्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी.

परंतु या कायद्याचा लाभ मुख्यत्वें जमीनवाल्यास झाला. ज्याच्यापाशीं गहाण टाकावयास जमीन नव्हती तो आपले हातपाय गहाण टाकी, आणि त्याच्याविषयींचें धोरण त्या काळीं अगदीं उलटें होतें. 1859 सालच्या एका कायद्यानें आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या कारागिरास व मजुरास मॅजिस्ट्रेटाकडून शिक्षा होऊं शके. तो मूळ मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठीं होता, पण इतरत्रहि लावतां येई. तो 1925 सालीं रद्द झाला. म्हणजे सातारच्या शेतकऱ्यास देण्यापायीं तुरुंग नाहीं असें ठरल्यावरहि पंचेचाळीस वर्षें मजुराच्या डोक्यावर ती टांगती तलवार कायद्यांत राहिलीच होती.

मुलांविषयीं पहिला स्पष्ट कायदा 1933 सालचा. पैसा किंवा दुसरा कांहीं लाभ घेऊन आईबापांनीं पंधरा वर्षांखालील मुलाचे श्रम बांधून द्यावयाचे, असा करार त्यानें रद्दबातल ठरविला. दंड करार करणाऱ्या बापास पन्नास रुपयांपर्यंत, आणि मूल ठेवून घेणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत. हा चौपटीचा फरक वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. देणाऱ्याची अडचण आणि घेणाऱ्याची सोय या दोन गोष्टी सरकारनें तेव्हांच निराळ्या तोलल्या होत्या.

पुढें 1950 सालीं राज्यघटना अंमलांत आली. तिच्या 23 व्या अनुच्छेदानें वेठबिगार निषिद्ध ठरली, व 24 व्यानें चौदा वर्षांखालील मुलांस कारखाने, खाणी व धोक्याचीं कामें बंद झालीं. तथापि वेठीचें मूळ जें कर्ज, त्यास हात लागला तो ऑक्टोबर 1975 च्या वटहुकुमानें आणि त्याच्या जागीं आलेल्या 1976 च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानें. आमच्या वाचकांनीं हा कायदा नीट समजून घेतला पाहिजे, कारण त्याची झळ सरळ तिजोरीस लागते. वेठीस कारण झालेलें कर्ज या कायद्यानें समूळ मिटतें. त्याच्या वसुलीचा दावा चालत नाहीं, आणि मिटलेल्या कर्जापोटीं पैसा स्वीकारणें हाहि गुन्हा होतो. वेठीस ठेवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आणि मजूर म्हणाला कीं हें कर्ज वेठीचें आहे, तर तें तसें नाहीं हें सिद्ध करण्याचा भार धनकोवर आहे. 1879 च्या कायद्यानें न्यायाधीशास कागदाच्या मागें पाहावयास लावलें. या कायद्यानें कागद बाळगणाऱ्यालाच उत्तर द्यावयास उभें केलें.

येथें कोणी विचारील, मग उचल देणें हाच गुन्हा काय? नव्हे. आगाऊ पैसा देणें हा गुन्हा नाहीं. त्या पैशामुळें मजुरावर काय बंधन येतें, हें कायदा पाहतो. त्या देण्यापायीं त्याला फुकट किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावें लागतें काय? दुसरीकडे काम धरण्याची त्याची मोकळीक जाते काय? हवें तेथें जाण्यायेण्यास त्यास अटकाव होतो काय? आपले श्रम किंवा माल बाजारभावानें विकण्याचा त्याचा हक्क बुडतो काय? यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर होय आलें तरी ती वेठबिगार. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठेवलेल्या सालगड्यासहि हेंच माप लागू आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीवर घेतलेलें काम हें सक्तीचेंच काम होय, असें सर्वोच्च न्यायालयानें 1982 सालीं दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांसंबंधीं सांगितलें. पुढल्याच वर्षीं, फरीदाबादकडील दगडखाणींच्या प्रकरणीं, सक्तीनें काम घेतलें जात असल्याचें दिसलें तर तें कांहीं आगाऊ रकमेपोटींच आहे असें धरून चालावें, असेंहि ठरविलें.

या कायद्याचा अंमल महसूल खात्याकडे आहे. जिल्हाधिकारी जबाबदार, आणि जिल्ह्यास व प्रत्येक उपविभागास एकेक दक्षता समिती. समितीचें टिपण कांहीं वर्षें आमच्या टेबलावर होतें. ठरलेल्या मुदतीस वर कळवावयाचें कीं तालुक्यांत वेठबिगार किती आढळले. आम्ही लिहीत असूं, 'निरंक'. मागील टिपण पुढें ठेवून, तारीख बदलून लिहीत असूं. फडावर जाऊन कोणीं पाहून आल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. हा दोष वरच्यांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण लेखणी आमच्या हातांत होती.

आणि त्याच हातानें लिहिलेल्या दुसऱ्या एका कागदाची गोष्ट सांगितल्यावांचून हा लेख प्रामाणिक होणार नाहीं. 1997 च्या उन्हाळ्याच्या तोंडीं, हंगाम सरल्यावर, भावकींतल्या एका वाहतूकदारानें आम्हांस घरीं बोलाविलें. एका कोयत्याकडे सात हजार रुपये बाकी निघाली होती. मुकादमानें हात झटकले. त्या जोडप्यास गांवीं जाऊन पेरणीची तयारी करावयाची होती. शेवटीं असें ठरलें कीं, बाकी फिटेपर्यंत त्यांचा थोरला मुलगा म्हशी राखावयास येथेंच राहील. आमचें अक्षर चांगलें म्हणून कागद लिहावयास आम्ही. आम्हीं स्टॅम्पपेपरवर लिहिलें कीं रक्कम हातउसनी घेतली असून, परतफेड होईपर्यंत मुलगा स्वखुषीनें कामास राहील. 'स्वखुषीनें' हा शब्द त्या बैठकींत कोणाच्याहि तोंडून आलेला नव्हता. तो आमचा. बापानें अंगठा केला. मुलगा अकरा वर्षांचा. तो त्या वेळीं अंगणांत ट्रॅक्टरच्या चाकापाशीं उभा होता.

त्या घरीं मुलास कोणीं मारलें नाहीं. जेवण पोटभर होतें, दिवाळीस नवे कपडे मिळाले. म्हणूनच ही हकीकत सांगण्यासारखी वाटते. चांगल्या म्हणविणाऱ्या घरांत ही गोष्ट अशीच होते. बाप पुढील हंगामास नवी उचल घेऊन आला, जुनी बाकी तींत मिसळली, आणि मुलगा आणखी एक वर्ष राहिला. गेला तेव्हां त्यास तेरावें सरलें होतें, आणि शाळा चौथींत सुटली ती सुटलीच. वर सांगितलेले चारहि प्रश्न त्या मुलास लावून पाहावे. चोहोंचीं उत्तरें एकच येतात. आम्हांस कायदा ठाऊक नव्हता असेंहि नाहीं. त्याची संचिका आमच्याच कपाटांत होती, आणि त्या वर्षाच्या टिपणावरहि आम्हीं निरंकच लिहिलें.

तेव्हांच्या हजारांचे आज लाख झाले, परंतु मूल या हिशेबांत कसें शिरतें तें बदललेलें नाहीं. एक नमुना मांडतों. आंकडे हिशेबाच्या सोयीसाठीं धरलेले आहेत. एका कोयत्यानें लाख रुपये उचल घेतली. तोडणीचा दर टनास साडेतीनशें. रोजची तोड दोन टन, हंगाम एकशें वीस दिवसांचा. एकूण 240 टन, मजुरी 84,000 रुपये. यांतून पोटासाठीं आठवड्याची खर्ची दीड हजार, सतरा आठवड्यांची 25,500. उरले 58,500. उचलींतून वजा करतां बाकी 41,500 रुपये अंगावर राहते. ताप आला, कारखाना थांबला, पाऊस पडला किंवा खाड्याचा दंड बसला, तें यांत धरलेलें नाहीं. आतां रोज केवळ अर्धा टन अधिक तुटला असें समजूं. तर 300 टन, 1,05,000 रुपये, खर्ची वजा जातां 79,500. आणि बाकी 20,500. म्हणजे अर्ध्या टनानें देणें निम्म्यावर आलें. हा अर्धा टन कोठून येतो, तें पहाटे फडांत उभें राहून पाहावें. नवरा-बायको दोघेंहि कोयता चालवूं शकतात, तें मोळ्या बांधणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी पाठीमागें असते म्हणून, आणि कोपीवर धाकट्यास सांभाळणारें दुसरें एक मूल असतें म्हणून. मुकादमाच्या वहींत कोयता एक, माणसें दोन. तिसऱ्या-चौथ्याचें नांव कोठेंच नाहीं, आणि देणें मात्र त्यांच्याच बळावर निम्मे होतें. जानेवारी 2024 मध्यें तोडणीच्या दरांत 34 टक्के वाढ ठरली, ती योग्यच झाली. पण दर वाढले कीं उचलीहि वाढतात, आणि बाकी पुन्हा तेथेंच येते.

आमच्या वाचकांचे यावर दोन आक्षेप असतात व ते पोकळ नाहींत. पहिला हा कीं, मुकादमच आम्हांस बुडवितात. हें सत्य आहे. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांतील कितीएक वाहतूकदारांनीं कर्ज काढून लाखों रुपये उचल दिली आणि टोळी आलीच नाहीं, किंवा अर्ध्या हंगामांतून निघून गेली. ट्रॅक्टरचे हप्ते थकले, घरचें सोनें गेलें. अशा फसवणुकीस पोलिसांत फिर्याद व दिवाणी दावा हा मार्ग आहे. तो लांबचा व खर्चाचा आहे, हेंहि आम्ही जाणतों. परंतु पैसा घेतला मुकादमानें, आणि अडकवून ठेवावयाचें तोडकऱ्यास, त्याच्या बैलांस किंवा मुलास, हा तोडगा मात्र फिर्यादीस आरोपी करून सोडतो. ज्याची उचल बुडाली त्याच्यावरच गुन्हा, आणि वर कर्जहि कायद्यानें मिटलेलें. यापेक्षां उचल टप्प्याटप्प्यानें, शक्य तर बँकेच्या खात्यांतून, आणि प्रत्येक कोयत्याच्या नांवें निरनिराळी द्यावी. मुकादमाच्या एका सहीवर दहा कुटुंबांचे पैसे देणें हें सावकारी खताहून कच्चें काम आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, आम्हीं लहानपणीं शेतांत काम केलें, त्यानें काय बिघडलें? कांहीं बिघडलें नाहीं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं 1919 सालीं कराड तालुक्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हांपासून त्यांच्या वसतिगृहांतील मुलें हातानें कामें करीतच शिकलीं. 'कमवा आणि शिका' ही साताऱ्याचीच रीत. पण त्या मुलाच्या मागें कोणाचें देणें नव्हतें, आणि काम संपल्यावर पाटी होती. कायद्यानेंहि हाच भेद केला आहे. 1986 च्या बालकामगार कायद्यांत 2016 सालीं दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलास सर्वच धंद्यांत कामास ठेवणें बंद झालें. आपल्या कुटुंबाच्या कामांत, तें धोक्याचें नसेल तर, शाळा सुटल्यावर किंवा सुटींत हातभार लावण्यास मोकळीक ठेवली. ठेवून घेणाऱ्या मालकास सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा वीस ते पन्नास हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आपल्या गोठ्यावर परक्याचें मूल ठेवणें यांत सरळ बसतें. मेंढरांमागें पाठविलेलें मूलहि. 2022 सालीं नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्यांतील कातकरी कुटुंबांचीं मुलें थोड्या पैशावर व एकेका मेंढीवर मेंढपाळांकडे दिलीं गेल्याचें उघडकीस आलें, तें एका लहान मुलीच्या मृत्यूमुळें.

मुलांची सोय करण्याचे सरकारी यत्न झाले नाहींत असें नव्हे. कांहीं कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या. आईबाप तोडीस गेले तरी मूल गांवींच राहावें म्हणून हंगामी वसतिगृहें झालीं, स्थलांतर करणाऱ्या मुलास दुसऱ्या शाळेंत बसतां यावें म्हणून शिक्षण हमी कार्ड आलें, आणि 2021 पासून संत भगवानबाबांच्या नांवानें ऊंसतोड मजुरांच्या मुलांसाठीं शासकीय वसतिगृहांची योजना आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नांवाचें ऊंसतोड कामगारांचें महामंडळहि उभें राहिलें असून, गाळपावर टनामागें कारखान्यांकडून त्यास निधि मिळावयाचा आहे. परंतु वसतिगृह गांवीं आणि उचल फडावर असली कीं मोळी बांधणारी मुलगी फडावरच येते. येथें आपणांस कांहीं करतां येण्यासारखें आहे. कोपी आपल्या बांधावर पडते. गांवची शाळा फार तर मैलभर. तोडीची गाडी भरून निघाली कीं त्याच ट्रॅक्टरवाल्याच्या घरचें कोणी दोन-चार मुलांस मोटारसायकलवरून सोडून येऊं शकतें. शिक्षणहक्काच्या कायद्यानें, जो 1 एप्रिल 2010 पासून अंमलांत आला, वयाप्रमाणें वर्गांत घेणें शाळेवर बंधनकारक आहे. दाखला नाहीं म्हणून मूल परत पाठवितां येत नाहीं.

आणि जेथें मूल किंवा मोठें माणूस बाकीपायीं अडकलेलें दिसेल तेथें काय करावें, तें सांगतों. तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांजकडे लेखी अर्ज द्यावा. मुलाची गोष्ट असेल तर 1098 या क्रमांकावर दूरध्वनीहि करतां येतो. चौकशी होऊन वेठ सिद्ध झाली कीं मुक्ततेचा दाखला मिळतो. 2022 पासूनच्या केंद्राच्या योजनेप्रमाणें तत्काळ मदत तीस हजार रुपयांपर्यंत, आणि पुढें पुनर्वसनासाठीं पुरुषास एक लाख, स्त्री व बालकास दोन लाख, व विशेष अन्यायाच्या प्रकरणीं तीन लाख रुपये ठेवलेले आहेत. अर्ज मोघम नसावा. मजुराचें नांव व मूळ गांव, कोणाच्या वस्तीवर कधींपासून आहे, किती रकमेपायीं, रोजची मजुरी काय, मुलाचें वय व शाळा कोणत्या वर्गांत सुटली, हें लिहावें. अर्जाची पोंच घ्यावी व तिच्यावर आवक क्रमांक घालून घ्यावा. आवक नोंदवहींत एकदां क्रमांक पडला म्हणजे टेबलावरच्या कारकुनास त्या तिमाहीस निरंक लिहितां येत नाहीं.